हौदावरच्या मातेचे दागिने

सोमवार, ६ मे २०१९

रक्तदाब १५०/९०.

ही वही डॉक्टरांच्या हुकमावरून. रोजचा रक्तदाब लिहून ठेवा म्हणाले. दोन आकडे लिहून पान मोकळं सोडणं मला जमत नाही. छत्तीस वर्षं पोस्टात गेली, रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. शिवाय आमच्या पेत्राकावा गावात मन मोकळं करावं अशी एकच बाई होती, ती गेल्या वर्षी वारली. तिलाही मी सगळं सांगत नव्हतेच.

आजचा आकडा चढला तो फादर लिबोरियोंमुळे. काल रविवारच्या मिसाच्या प्रार्थनेनंतर त्यांनी पालेर्मोच्या संग्रहालयाचं पत्र वाचून दाखवलं. आमच्या देवळातल्या हौदावरच्या मातेचं चित्र सहा महिन्यांत साफ करून देतो म्हणून नेलं, त्याला अकरा वर्षं झाली. आता ते साफ झालंय. उन्हाळाभर तिथे मांडणार आणि मग गावाला परत देणार. इथवर सगळं छान होतं. पुढे पत्रात असं, की मातेच्या अंगावर ठोकलेले नवसाचे दागिनेही काचेच्या कपाटात लावले आहेत, यंत्राने तपासले आहेत, आणि प्रत्येकाखाली दात्याचं नाव, साल आणि धातू लिहिला आहे.

धातू! अख्ख्या देवळाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता लिहूनच टाकते, ही वही कोण वाचतंय. १९७९ साली माझी मुलगी मिम्मा चार वर्षांची होती. नऊ दिवस तापाने फणफणली. दहाव्या दिवशी मी मातेला माझी सोन्याची कानातली बोलले. अकराव्या दिवशी ताप उतरला. बाराव्या दिवशी माझ्या मनात आलं, की डॉक्टरांनी औषधही दिलं होतंच की. मग कातानियाच्या बाजारातून सोन्याचं पाणी दिलेली पितळेची जोडी आणली, ती मातेला गेली, आणि खरी डब्याच्या तळाशी. मिम्माच्या लग्नात बाहेर काढली, मावशीने दिली म्हणून सांगितलं. लग्नानंतर महिन्याभरात मिम्माने त्यातलं एक चेफालूच्या समुद्रात घालवलं. मातेचा हात लांब असतो.

फादर उत्साहात आहेत. १७ तारखेला बस करून सगळ्यांनी पालेर्मोला जायचं. तीन दिवस, देवळं, चित्रं, समुद्र, आणि माझं पितळ उघडं पडणार.

गुरुवार, ९ मे

पालेर्मोला फोन केला. फेर्लात्सो नावाच्या बाई आहेत तिथे, आवाज गोड.

"मी पेत्राकावाहून बोलतेय. मातेच्या दागिन्यांबद्दल. एखाद्या दात्रीला तिथे आपलं नाव नको असेल तर?"

"तर तिने स्वतः तसं लिहून द्यावं. हयात आहेत ना त्या?"

इथे माझी जीभ माझ्यापुढे धावली. "नाही हो, गेली बिचारी."

"अरेरे. नाव काय त्यांचं?"

शहाण्या बाईने इथे फोन ठेवला असता. पण कुणी नाव विचारलं की पूर्ण नाव स्पष्ट आवाजात सांगायचं, ही माझी खिडकीमागची सवय. म्हणाले, "ओलिवा स्कादुतो."

"नोंद घेते. त्या तुमच्या जवळच्या होत्या का?"

"खूपच," मी म्हणाले.

तेव्हा पालेर्मोत मी आजपासून वारले आहे. इथे मात्र बाकलाच्या शेंगा सोलायच्या बाकी आहेत.

मंगळवार, १४ मे

रक्तदाब १५५/९५. कारण: नणंद.

पावाच्या दुकानात अग्रिप्पिना माझ्यापुढे उभी होती. माझ्याशी बोलत नाही, पण मला ऐकू जाईल असं इतरांशी बोलते, त्यात तिचा हात कुणी धरणार नाही. दुकानदारणीला म्हणाली, "मी तर बाई कपाटासमोर पहिल्या रांगेत उभी राहणार. कुणी मातेला काय वाहिलं आणि कुणी दुसऱ्याचं काय लंपास केलं, कळू दे एकदा गावाला."

हे दुसरं वाक्य माझ्यासाठी. माझी सासू फिलिप्पा १९९२ मध्ये गेली. आमच्याकडे आईची कानातली मुलीला जातात. सासूची होती होडीच्या आकाराची, खाली पोवळ्याचा थेंब. १९७६ मध्ये सासरे वारले तेव्हा तिने काळे कपडे घातले आणि रीतीप्रमाणे सोनं उतरवून पेटीत ठेवलं. ती गेल्यावर पेटी उघडली तर कानातली नाहीत. म्हातारीचं हगणंमुतणं मी काढलं, तिच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, तेव्हा चोर कोण हे ठरायला अग्रिप्पिनाला अर्धं मिनिट पुरलं. सत्तावीस वर्षं झाली. माझा नवरा सावेरियो जिवंत होता तोवर मध्यस्थी करायचा, म्हणजे दोघींचं ऐकून घ्यायचा आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून जायचा.

मी ती कानातली घेतली नाहीत. मेल्यावर पेटीत हात घालणारी मी नाही. मी जिवंतपणी देवाला फसवते, माणसांना नाही.

न जावं तर संशय, जावं तर शोभा. जाते. मोठी गवती हॅट घेणार, कपाटापाशी पहिली पोचणार आणि माझ्या चिठ्ठीसमोर हॅट धरून उभी राहणार. माणसाने म्हातारपणी काहीतरी ध्येय ठेवावं.

शुक्रवार, १७ मे, पालेर्मो

बसमध्ये पस्तीस बायका, चार नवरे, एक फादर. नवऱ्यांना झोपायला मागचं बाक दिलं.

आल्या आल्या राजाच्या प्रार्थनाघरात नेलं. छतापासून भिंतीपर्यंत सगळं सोन्याच्या तुकड्यांनी जडवलेलं, त्यातून भला मोठा देव वर बसून माझ्याकडे बघत होता. सगळ्या जणी आ वासून उभ्या. वाटाड्या म्हणाला, "हे सगळं खरं सोनं आहे." अग्रिप्पिना माझ्या मागून म्हणाली, "दिलंय ते खरं दिलंय राजाने." मला बसायला जागा लागली.

मग आणखी दोन देवळं, एक मठ, प्रत्येक भिंतीवर गुबगुबीत देवदूत. शंभराव्या देवदूतानंतर सगळे आमच्या नगराध्यक्षासारखे दिसायला लागतात. जेवायला बाजारात चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून खाल्ल्या. फादर म्हणाले, कलेने पोट भरतं. फादरांनी तीन पाव खाल्ले.

उतरलोय नन्सच्या धर्मशाळेत. खोल्या दोघींत एक. वाटप फादरांनी केलं. माझ्या खोलीत कोण, हे लिहायलाही नको. फादर म्हणाले, "प्रवासात मनं जुळतात." अग्रिप्पिनाने आल्या आल्या आपलं पैशाचं पाकीट उशीखाली ठेवलं, माझ्याकडे बघत.

मी म्हणाले, "वन्सं, खिडकी उघडी ठेवू का?"

ती भिंतीला म्हणाली, "ठेवा. जायचं ते आधीच गेलंय."

शनिवार, १८ मे

रक्तदाब घेतला नाही. घ्यायची हिंमत नव्हती.

सगळं नीट क्रमाने लिहिते.

संग्रहालयात दहाला पोचलो. आधी माता. आम्ही ओळखलीच नाही. आमची माता धुराने काळीभोर, अंगावरचे दागिनेही काजळीत गडप, डोळे तेवढे दिसायचे. इथे एक गोरीगुलाबी मुलगी निळ्या झग्यात बसलेली, मांडीवर मूल, मागे हौद आणि लिंबाचं झाड. झाड होतं हे चारशे वर्षांत कुणाला माहीत नव्हतं. मग नोटरीची बायको म्हणाली, "ही कोण?" फेर्लात्सो बाईंनी समजावलं की हीच ती. तेव्हा अग्रिप्पिना पुढे झाली आणि आमच्याकडे जसं बोलतात तसं मातेशी चढ्या आवाजात बोलली, "अकरा वर्षं इथे नटत बसलीस, तिकडे आमची दोन पिकं जळली. घरी चल, मग सांगते तुला!" पहारेकरी धावत आला. फादर म्हणाले, "ही प्रार्थना आहे."

या गडबडीत मी कपाट गाठायला हवं होतं. पण मीही मातेकडे बघत राहिले, आणि बघते तो बायकांचा लोंढा कपाटाशी. माझी हॅट कुणाच्या तरी कोपराखाली चेपली.

कपाटात एक्केचाळीस दागिने. सोळा सोन्याचे, तीन चांदीचे आणि बावीस पितळ.

मी दोनदा मोजले. बावीस! नोटरीच्या बायकोची साखळी, जिच्यासाठी तिला देवळात पुढची खुर्ची मिळते, ती पितळ. फादरांच्या स्वयंपाकिणीचं पदक पितळ. मग एकीला कंठ फुटला, "मी सोनं दिलं होतं गं! त्या काल्तानिसेत्ताच्या सोनाराने बदललं!" बघता बघता बावीसच्या बावीस जणींना त्याच सोनाराने फसवलेलं निघालं. तो सोनार १९८५ साली वारला. त्याच्या आत्म्याला शांती मिळो, फार उपयोगी पडला. मी त्या बावीस जणींच्या मागे रांगेत उभी राहिले. माझाही सोनार तोच म्हणायचं ठरवलं होतं. आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकीण किंचाळली, "अगं ओलिवा, तुझ्या नावापुढे क्रॉस काढलाय!"

पुढे झाले. चिठ्ठीवर होतं: "कानातली, जोडी. सोने आणि पोवळे. दात्री कै. ओलिवा स्कादुतो, १९७९. मुलीच्या आजारपणासाठी." कै. म्हणून नावापुढे छोटा क्रॉस. फेर्लात्सो बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण माझं लक्ष पुढच्या शब्दाकडे. सोने. आणि पोवळं कुठून आलं? माझ्या पितळेला पोवळं नव्हतं.

कपाटात बघितलं. होडीच्या आकाराची जोडी, खाली लाल थेंब. एका थेंबाचा टवका उडालेला.

अग्रिप्पिना माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "हा टवका माझ्या दाताचा आहे. तीन वर्षांची असताना चावले होते मी. आईने मारलं होतं मला." मग माझ्याकडे वळली आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशीच बोलली. "वहिनी, तू माझ्या आईची कानातली चोरलीस आणि स्वतःच्या नावाने नवस फेडलास?"

सगळ्या बायकांनी आपापली पितळं सोडून माझ्याकडे तोंड केलं.

खरं सांगते, मी गप्प बसणार होते. चोर म्हणवून घ्यायची सवय आहेच. निदान मातेला सोनं दिलं एवढं तरी नावावर राहील, असा विचार आला. पण जोडीला दोऱ्याने बांधलेली जुनी चिठ्ठीही बाजूला ठेवली होती, देवळात दागिना देताना बांधतात ती. त्यावर शिसपेन्सिलीने वेडीवाकडी अक्षरं: ओलिवा. ती अक्षरं मी ओळखते. सासूला लिहिता येत नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी पोस्टाचे कागद सही करायला मीच तिला अक्षरं शिकवली होती, आणि शिकताना ती मला शिव्या देत होती. एकोणीस वर्षं त्या घरात होते, पण तिने मला "ए" आणि "ती" यापलीकडे कधी हाक मारली नाही. माझं नाव तिला येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

आठवलं. मिम्मा अशक्त होती, मी तिच्यापाशी होते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने अनवाणी जाऊन दागिना द्यायचा, म्हणून मी रुमालात बांधून पितळ सासूच्या हातात दिलं होतं. तिने फक्त रुमाल हातावर तोलला होता.

मी म्हणाले, "मी पितळेची दिली होती."

"काय?"

"पितळेची, पितळेची! सोन्याची बोलले आणि पितळेची दिली. सोनार वगैरे कुणी नाही, मीच आणली कातानियाहून. तुझ्या आईला कळलं असणार. तिने आपली ठेवली त्या जागी. मला आत्ता कळतंय."

फादरांनी छातीवर क्रॉस केला. नोटरीची बायको सगळ्यात जास्त हादरली. "मातेला पितळ!" म्हणाली, आपल्या साखळीकडे पाठ करून.

अग्रिप्पिना खाली बसली, तिथल्या पहारेकऱ्याच्या खुर्चीत. तो उठ म्हणाला नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "शेवटच्या दिवसांत मी विचारलं होतं तिला. आई, कानातली कुठायत? म्हणाली, हौदावरच्या मातेकडे आहेत. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं."

मी रडू आवरत होते, म्हणून फेर्लात्सो बाईंवर ओरडले की हे नाव खोडा आणि फिलिप्पा लिहा, तिचं सोनं आहे. बाई वही काढून उभ्या राहिल्या. अग्रिप्पिनाने हात वर केला. "राहू दे. आईने स्वतः लिहिलंय. तिच्यापुढे कुणाचं चाललंय आजवर?" मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो क्रॉस तेवढा काढा. ही अजून आहे. दिसतेय ना ढळढळीत?"

मला लाज वाटली. सगळ्यांसमोर वाटली आणि कारण नसताना एकटीलाही वाटली. दुपारी समुद्रावर नेलं आम्हाला. समुद्र होता.

रविवार, १९ मे

परतीची बस. कुणी माझ्याशेजारी बसेना. बावीस जणींना माझा वास येत होता, कारण मी कबूल केलं होतं. अग्रिप्पिना आली, पिशवी वरच्या फळीवर टाकली आणि शेजारी बसली. तास गेला. मग:

"तुला चोर म्हणत आले मी."

"हो."

"माफी मागू?"

"माग की."

"नाही मागत. मातेला पितळ दिलंस तू."

"बरं."

आणखी अर्ध्या तासाने तिने कागद उघडला आणि तिळाच्या बिस्किटांतली अर्धी माझ्या मांडीवर ठेवली. मोजून अर्धी.

मी विचार करत बसले. सासूने हे नातीसाठी केलं, हे उघड आहे. मातेची भीती मनात. नात जगली आणि सुनेने मातेलाच फसवलं तर घरावर काय येईल, या धाकाने. माझा त्यात काही संबंध नाही. नाव माझं लिहिलं कारण नवस माझा होता, रीत म्हणून. उगाच पाघळण्यात अर्थ नाही.

मंगळवार, २१ मे

रक्तदाब १३०/८०. हे यंत्र बिघडलं असणार.

मिम्माचा स्टुटगार्टहून फोन. गावातल्या कुणीतरी तिला आधीच सगळं कळवलं होतं. पोस्टापेक्षा ही सेवा जलद आहे. मी तिला सगळं सांगितलं, तुझ्या जिवाच्या नवसात मी लबाडी केली हेही सांगितलं. घाबरत सांगितलं. ती म्हणाली, "अगं आई, मला माहीत होतं."

"कसं?"

"ती पितळी जोडी आजीने मला खेळायला दिली होती. माझ्या बाहुलीच्या कानात होती ती. तू बघितली नाहीस?"

ती बाहुली माझ्या खाटेवर वर्षानुवर्षं बसलेली असायची. मी तिच्यावरून गोधडी झटकली आहे.

"मी दहा वर्षांची झाल्यावर आजीने सांगितलं मला," मिम्मा म्हणाली. "बदल्यात मातेला काय दिलं ते नाही सांगितलं, नाहीतर आत्याला मी केव्हाच गप्प केलं असतं. म्हणाली, तुझी आई नऊ दिवस उपाशी तुझ्या उशाशी बसली होती, तिचा नवस अर्धवट राहू द्यायचा नव्हता मला. पण तिला सांगू नकोस हं. सांगितलंस तर ती माझ्याशी गोड बोलायला लागेल, आणि ते मला या वयात सोसणार नाही."

"असं म्हणाली?"

"अगदी असंच. आणि हसली होती."

मी फोन ठेवला आणि खूप रडले. सासू गेली त्या दिवशी मी रडले नव्हते. लोक काय म्हणतील म्हणून रुमाल डोळ्यांना लावून उभी होते, आणि अग्रिप्पिना माझ्याकडे बघत होती, तेव्हा तो कोरडाच आहे हे तिला दिसू नये म्हणून घडी उलटी केली होती.